माझंही झालंय

रविवार, २९ जून

डोळ्यांच्या औषधांच्या एका कंपनीने फुकट दिलेली ही वही चार महिने कपाटात पडून होती. प्रत्येक पानाच्या तळाशी थेंबांच्या बाटलीचं चित्र आहे. फुकटचं म्हणून आणलेलं शेवटी उपयोगी पडलं. आज जे झालं ते पप्पांना सांगण्यासारखं नाही आणि पोटात ठेवण्यासारखंही नाही.

ठाकुर्लीच्या आमच्या विहारात रविवारची वंदना मी घेते. आवाज खणखणीत आहे म्हणून, आणि पप्पा समितीचे सचिव आहेत म्हणूनही. आज वंदना आटोपून मी चपला शोधत होते, तेवढ्यात नंदाकाकूंनी गाठलं. त्या कल्याणला कोळसेवाडीत राहतात, पण माहेर आमच्याच गल्लीतलं, त्यामुळे रविवारी इकडेच असतात. सोबत त्यांची पायल होती. तेवीस वर्षांची आहे, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी लागलीय. भिंगाच्या दिव्याखाली सर्किट बोर्ड तपासायचे, सोल्डरिंग कुठे सुटलंय का बघायचं. एक ऑगस्टला हजर व्हायचं आहे. पहिले तीन महिने काम बघणार, मग कायम करणार. पायलला साडेचारचा चष्मा आहे. भिंगावर वाकलं की घामाने तो नाकावरून घसरतो, आणि लेन्स लावून बघितल्या तर डोळे चुरचुरतात. म्हणून लेसर करावं की काय, असं मायलेकींचं चाललंय.

"ताई, तुझं झालंय ना गं?" पायलने विचारलं.

"हो, माझंही झालंय. आमच्याच सेंटरला," मी म्हणाले.

हे वाक्य माझं नाही. चार वर्षांपूर्वी ठाण्याच्या लेसर सेंटरला काउन्सेलर म्हणून लागले तेव्हा मॅनेजर धनेश सरांनी ते मला शिकवलं. लेसरच्या काउंटरवर जाड चष्म्याची बाई बसवली तर लोक हसतील, लेन्स लाव, आणि कोणी विचारलं तर झालंय म्हण, असं ते म्हणालेले. खरं म्हणजे माझं होऊच शकत नाही. नंबर सात, आणि कॉर्निया पातळ. पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी मशीनवर बघून नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून बाहेर लेन्स आणि घरी चष्मा.

किराणावाला म्हणतो ना, आमच्या घरीपण हेच तेल वापरतो, त्यातलंच हे वाक्य. काउंटरवर शेकडो वेळा बोललेय. पण आज विहाराच्या दारात बोलले. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, हे चौथं शील सगळ्यांकडून म्हणवून घेऊन अर्धा तासही झाला नव्हता, आणि जीभ जरासुद्धा अडखळली नाही. त्याचंच वाईट वाटतंय.

शनिवार, ५ जुलै

पायलची तपासणी झाली. कॉर्निया छान जाड निघाला, माझ्या मनात उगाच असूया आली. मग पापणीखाली कागदाची पट्टी लावून डोळ्यात पाणी किती येतं ते बघतात, तिथे गाडी अडली. पट्टी जेमतेम भिजली.

आमचे डॉक्टर माणूस सरळ आहेत. त्यांनी काही लपवलं नाही. करता येईल, पण डोळे आधीच कोरडे आहेत, ऑपरेशननंतर काही महिने तो त्रास वाढू शकतो, कोणाचा लवकर जातो, कोणाचा रेंगाळतो. दोन महिने थेंब घालून पुन्हा बघू, नाहीतर चष्मा काही वाईट नाही, हलकी फ्रेम घ्या. एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले आणि पायल माझ्या खोलीत आली.

माझ्या खोलीत आलेला माणूस चष्म्याकडे परत जाऊ नये, यासाठी मला पगार मिळतो. तरी पायलला मी सगळं रीतसर सांगितलं. चष्मा घसरतो, तुटतो, चहाच्या वाफेने आंधळा होतो, पण डोळ्याला हात लावत नाही. लेन्स दिसत नाही, पण रोज धुवा, काढा, घाला, आणि वागळेच्या धुळीत तर नकोच. लेसर एकदाच होतं. ती मान हलवत होती आणि ओढणीचं टोक पिळत होती.

तिने विचारलं, तुला भीती वाटली नव्हती का? मी म्हटलं, थोडी. मग विचारलं, ऐनवेळी नको म्हणणारे असतात का? असतात. त्यांना डॉक्टर ओरडतात का? नाही गं. त्यांच्या घरचे? ते मला कसं माहीत असणार! पोरीला धीर हवा होता, हे दिसतच होतं. नंदाकाकू बाहेर बसलेल्या, दर दोन मिनिटांनी काचेतून डोकावत होत्या.

"ताई, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

"मी केलंच की," मी म्हणाले.

तिने ओढणी सोडली आणि बरं म्हणाली. धनेश सरांनी संध्याकाळी शाबासकी दिली, कारण डॉक्टर थांबा म्हणाले की दहातले आठ जण परत येत नाहीत. मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन लेन्स काढून बसले. डोळे लाल झालेले.

गुरुवार, १० जुलै

आषाढी पौर्णिमा. वर्षावास सुरू झाला, आता अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. पंचशील सांगताना चौथ्या शीलाला माझा आवाज बसला. पाणी प्यायले आणि पाचवं म्हटलं. नंतर विहारातल्या रमाबाईंनी गवती चहा पाठवला घशासाठी. सगळ्यांना माझ्या घशाची फार काळजी.

शनिवार, १९ जुलै

झालं पायलचं ऑपरेशन. आत जाताना माझा हात घट्ट धरलेला, नखं रुतली. वीस मिनिटांत बाहेर.

दुपारी तपासणीला उठवलं तर खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागली. मग त्याखालची बारीक अक्षरं. मग रस्त्यावरच्या रिक्षाचा नंबर. रडायला लागली तर नर्स ओरडली, रडू नको, डोळे चोळशील. नंदाकाकूंनी माझ्यासाठी घावण्यांचा डबा आणलेला. म्हणाल्या, तू होतीस म्हणून आमची हिंमत झाली गं.

घावणे खाल्ले. चांगले झालेले. आज मला वाटतंय की खोट्यातूनही कोणाचं भलं होऊ शकतं. असं लिहायला बरं वाटतंय, म्हणून लिहितेय.

रविवार, १७ ऑगस्ट

पायल विहारात आली, बिनचष्म्याची, काजळ घालून. काजळ कशाला घातलंस म्हणून मी डाफरले, तर म्हणाली आता सहा फुटांवरून आरशात स्वतःची भुवई दिसते, सोडते का मी! नोकरीही छान चाललीय. लाइनवर सगळ्यात जास्त चुका तीच पकडते, असं सुपरवायझर म्हणाले.

जाता जाता विचारलं, "ताई, ते थेंब तू किती दिवस घातलेस? दर दोन तासांनी कंपनीत उठायला लागतं, सगळे बघतात."

मी चपला घालत होते. "महिनाभर," मी म्हणाले. "मग विसरूनच गेले."

हे वाक्य तर धनेश सरांनीही शिकवलेलं नव्हतं. स्वतःहून आलं. डॉक्टर काय सांगतात ते बघ, असं मी पुढे म्हटलं की फक्त मनात म्हटलं, हे आता नीट आठवत नाही. बहुतेक म्हटलं असेन.

रविवार, ७ सप्टेंबर

म्हटलं नव्हतं.

पायलचे थेंब तीन आठवडे बंद आहेत. दुपारनंतर डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं म्हणाली. एसीची हवा नेमकी तिच्या टेबलावर येते. दिव्याखाली बोर्ड बघताना सोल्डरिंगचे ठिपके एकमेकांत मिसळतात, पापण्या मिटून मिटून बघावं लागतं. परवा दोन खराब बोर्ड तिच्या हातून पुढे गेले. सुपरवायझरांनी नुसती वहीत नोंद केली.

मी म्हणाले, लगेच थेंब सुरू कर आणि डॉक्टरांना दाखव. तर ती म्हणाली, दाखवते, पण आधी मला सांग, तुझं असं झालेलं का?

इथे सांगता आलं असतं. आजूबाजूला कोणी नव्हतं, लहान मुलं सतरंज्या गुंडाळत होती, बस्स. पायल माझ्याकडे अशी बघत होती की मी हो म्हणावं म्हणून तिचा जीव अडकलाय. मी हो म्हणाले. किती दिवसांत गेलं, तिने विचारलं.

"तीन महिने."

तिचा चेहराच उजळला. मोबाइल काढला आणि कॅलेंडरमध्ये १९ ऑक्टोबर शोधून तिथे खूण केली. ऑक्टोबरअखेर कंपनी कायम करणार की नाही ते ठरणार, म्हणजे दहा दिवस हातात राहतात, हा हिशोबही तिने माझ्यासमोरच केला.

तीन महिने मला कुठून सुचले? महिनाभर म्हटलं असतं तर तो उलटून गेलेला, आणि सहा महिने म्हणायचा धीर झाला नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज काउंटरवर एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, मॅडम तुमचं झालंय का. मी म्हटलं, फॉर्म भरा.

गुरुवार, २५ सप्टेंबर

पायल कामावरून सुटून सेंटरला आली, पण डॉक्टर लवकर गेलेले. परत निघालो. टेंभी नाक्याला नवरात्राची रोषणाई, माणसांचा पूर. देवीला आम्ही जात नाही, पण रोषणाईला कोणाची आडकाठी आहे? लहानपणापासून बघत आलोय. मी म्हटलं, चल, भेळ खाऊ.

पायल कोपऱ्यावरच थांबली. प्रत्येक दिव्याला काटे फुटलेत म्हणाली, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तर फुलबाज्यांसारखे, गाडी कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो तेच कळत नाही. रस्ता ओलांडताना तिने माझा दंड धरला. मी सात नंबरची, लेन्सवर चालणारी बाई, तिला पलीकडे नेत होते.

"तुलाही असंच दिसायचं ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. मग तिने विचारलं की मी कशी सांभाळायचे, दिव्याकडे बघायचे की खाली बघायचे. मी म्हणाले खाली. तर पोरगी घरापर्यंत मान खाली घालून चालली. भेळ राहिलीच.

मला स्वतःचा राग येतोय. नुसता राग येऊन काय उपयोग, ते कळत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

दोन ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाची बैठक होती. खुर्च्या, मंडप, खिरीचं दूध. मी यादी लिहीत होते. नंदाकाकू पप्पांना म्हणाल्या, दादा, तुमच्या लेकीचं, स्वप्नाचं, डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालेलं म्हणून आम्ही पायलचं केलं, आता पोरगी जरा त्रासात आहे, पण हिच्यासारखं तिचंही जाईल.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी यादीत दूध दोनदा लिहिलं. पप्पा काकूंना एवढंच म्हणाले की डॉक्टरला दाखवत राहा.

घरी आल्यावर मी लेन्स काढल्या, चष्मा लावला आणि कांदा चिरायला बसले. पप्पा समोर बसून शेंगा सोलत होते. आज ओरडा बसणार असं धरून चाललेले. शेंगा संपल्यावर म्हणाले, काचा जाड झाल्यात गं, नंबर वाढला का? मी नाही म्हटलं. मग ते उठून टीव्ही लावून बसले. सुटले म्हणायचं. पप्पांनी फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

सकाळी विहारात निघताना पप्पा म्हणाले, आजपासून वंदना संचिताला घेऊ दे, तुझा घसा बसलाय.

संचिता बारावीला आहे, आवाज बारीक. माझा घसा ठणठणीत आहे. तसं पप्पांना सांगायला तोंड उघडलं, पण ते दाराची कडी लावत होते, पाठमोरे. मग मी मागच्या सतरंजीवर पायलशेजारी बसून वंदना म्हटली. चौथ्या शीलाला ओठ हलवले.

सोमवार, १३ ऑक्टोबर

अखेर डॉक्टरांनी पायलला तपासलं. डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या दिव्याखाली बघतात. मी खोलीत फाइल धरून उभी होते. दोन्ही कॉर्नियांवर बारीक बारीक ठिपके, कोरडेपणाने सोललेले. नजर साबूत आहे, नंबर शून्य आहे, पण हे असं आहे.

डॉक्टरांनी विचारलं, थेंब कोणी बंद करायला सांगितले?

मी हातातल्या फाइलमध्ये बघत राहिले.

"मीच बंद केले," पायल म्हणाली. "मला वाटलं बरं झालंय."

माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मला वाचवायला म्हणून नाही बघितलं, हे मला बाहेर आल्यावर कळलं. माझी नोकरी जाईल अशी तिला भीती वाटलेली. डॉक्टर म्हणाले, आता नेमाने थेंब, जेल, गरम शेक. सहा महिने लागतील, वर्ष लागेल, मी तारीख देणार नाही. ती त्यांना हो हो म्हणाली आणि जिन्यात मला म्हणाली, डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं ना ताई, तुझं तर तीन महिन्यांतच गेलेलं. अजून सहा दिवस आहेत.

कंपनीत तिला भिंगाच्या दिव्यावरून काढून पॅकिंगला बसवलंय. तात्पुरतं, असं म्हणालेत.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

धनेश सरांना सांगितलं की माझंही झालंय हे मी यापुढे बोलणार नाही. त्यांना काही विशेष वाटलं नाही. म्हणाले, ठीक आहे, मग 'आमच्या स्टाफमधल्या बऱ्याच जणांचं झालंय' असं बोल. ते तर खरं आहे. चार वर्षं जे एवढं जड वाटत होतं ते त्यांनी बिस्किट चहात बुडवता बुडवता बदलून दिलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

उद्या दिवाळी. सकाळी पायलचा मेसेज आला, ताई आज तीन महिने झाले, अजून तसंच आहे, येतेस का घरी.

मी लेन्सची डबी उघडली आणि परत बंद केली. चष्मा लावूनच निघाले. पप्पा पेपर वाचत होते, वर बघून म्हणाले, जेवायला थांबू का? मी म्हटलं, थांबा. चार वर्षांत पहिल्यांदा चष्मा लावून गल्लीतून गेले. कोणी बघितलं नाही. सगळे आकाशकंदील टांगत होते.

कोळसेवाडीला दार पायलनेच उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, काय झालं? परत नंबर आला?"

किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. मागचंही आणि पुढचंही. शिवाय ती माझीच काळजी करत बसली असती. हे उत्तर माझ्या जिभेवर आलेलं, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला मी फार चांगली होते असं वाटायला नको.

"आला नाही," मी म्हणाले. "गेलाच नव्हता. माझं ऑपरेशन झालेलंच नाही, पायल. माझा कॉर्निया पातळ आहे. मी लेन्स लावते."

तिला आधी कळलं नाही. मग ती पलंगावर बसली. आत नंदाकाकू चकल्या तळत होत्या, तेलाचा आवाज येत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, धनेश सर, काउंटर, विहाराचं दार. माफ कर म्हटलं. ती ऐकत होती आणि मधे मधे पापण्या मिटत होती, आता ती सवयच झालीय तिला.

"मग ते तीन महिने कोणाचे होते?" तिने विचारलं.

"कोणाचेच नाहीत. मनाने सांगितलेले."

"आणि थेंब?"

"तेही."

तिच्या मोबाइलचा गजर वाजला. थेंबांची वेळ. मी बाटली घ्यायला हात पुढे केला तर तिने ती आपल्याकडे ओढली. स्वतःच मान मागे टाकून घातले, अर्धे गालावर गेले. पुसले नाहीत.

"त्या दिवशी मी नाही म्हणायलाच आलेले," ती म्हणाली. "मला चष्म्याचा काही त्रास नव्हता गं, आईला नको होता. डॉक्टर थांबा म्हणाले तेव्हा मला इतकं बरं वाटलेलं. वाटलं, आता ताईपण तेच सांगेल आणि आम्ही घरी जाऊ."

तेवढ्यात काकू चकल्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या, मला चष्म्यात बघून थबकल्या आणि विचारू लागल्या की डोळ्यांना काय झालं. पायल उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. मग काकूंनाही मीच सांगितलं.